सोशिकतेचे आख्यान आणि वेदनाशमनाचा प्रश्न : जुन्नर-आंबेगाव परिसराच्या संदर्भात एक समीक्षा

प्रास्ताविक

जुन्नर तालुक्याच्या लोकस्मृतीत दोन प्रसूतींना विशेष स्थान आहे. पहिली शिवनेरी किल्ल्यावरील. १९ फेब्रुवारी १६३० रोजी तेथे शिवरायांचा जन्म झाला आणि ती वास्तू आज हजारो लोक श्रद्धेने पाहतात. दुसरी प्रसूती तमाशासम्राज्ञी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांची. ती तमाशाचा खेळ चालू असताना पडद्यामागे झाली, असे सांगितले जाते. पहिल्या प्रसूतीच्या कथनात मातेच्या वेदनेचा उल्लेख सहसा येत नाही. दुसऱ्या प्रसूतीच्या कथनात तो येतो. परंतु पराक्रमाचा पुरावा म्हणून येतो.

प्रस्तुत लेखात या दुसऱ्या आख्यायिकेची समीक्षा करावयाची आहे. आख्यायिका खरी की खोटी, हा येथील प्रश्न नाही. ती ज्या रीतीने सांगितली जाते, त्या रीतीतून स्त्रीच्या वेदनेविषयी कोणते मूल्य प्रस्थापित होते आणि तेच मूल्य आज स्त्रीरोगविषयक उपचारांच्या खोलीत कसे काम करते, हे पाहणे हा लेखाचा हेतू आहे. येथे केवळ प्रसूती अभिप्रेत नाही. तांबी बसविणे, पिशवी साफ करणे, प्रसूतीनंतर टाके घालणे, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया, तपासणीसाठी गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा काढणे या सर्व प्रक्रिया विचारात घेतल्या आहेत. या प्रक्रियांना वैद्यकीय व्यवहारात 'किरकोळ' म्हटले जाते. किरकोळ हे विशेषण शस्त्रक्रियेच्या आकाराला लागू असते. ते वेदनेला लागू होतेच असे नाही.

आख्यायिका आणि तिचे दोन अर्थ

विठाबाईंचा जन्म १९३५ चा. भाऊ-बापू मांग नारायणगावकर या नामवंत फडाची परंपरा त्यांना घरातूनच मिळाली. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. उत्तरायुष्य मात्र हलाखीत गेले आणि जानेवारी २००२ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे महाराष्ट्र शासनाने तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कारास त्यांचे नाव दिले. त्यांचे कर्तृत्व निर्विवाद आहे व प्रस्तुत विवेचनाचा रोख त्यांच्यावर नाही.

आख्यायिका अशी : दिवस भरलेले असतानाही विठाबाई फडावर उभ्या होत्या. खेळ रंगात आला असता कळा सुरू झाल्या. त्या पडद्यामागे गेल्या, प्रसूत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्या. प्रसंगाचे तपशील सांगणाऱ्यागणिक थोडेफार बदलतात. दगड मात्र बहुतेक कथनांत कायम राहतो. लोकसाहित्याच्या तासाला, पुरस्कार समारंभातील भाषणांत आणि वृत्तपत्रीय लेखांत ही कथा 'कलानिष्ठेचे' उदाहरण म्हणून सांगितली जाते.

या कथेचा दुसरा अर्थ तिच्या तपशिलातच आहे. दगडाने नाळ तोडावी लागते, कारण निर्जंतुक पाते हाताशी नसते. प्रसूतीनंतर लगेच उभे राहावे लागते, कारण खेळ थांबला तर फडाचे पोट थांबते. सुईण, परिचारिका, गरम पाणी, विश्रांती यांपैकी कशाचाही उल्लेख कथेत नाही. म्हणजेच ही कथा जितकी निष्ठेची, तितकीच अभावाची आहे. सांगणाऱ्याने अभाव गाळून निष्ठा तेवढी ठेवली, की ऐकणाऱ्याच्या मनात 'हे नसले तरी चालते' एवढाच बोध उरतो.

येथे एक गोष्ट लक्षणीय वाटते. या कथेच्या अनेक कथनांत प्रेक्षकांच्या लक्षात येते की, मघाशी गरोदर दिसणारी ही बाई आता तशी दिसत नाही. घडलेला प्रकार कळताच ते खेळ थांबविण्यास सांगतात व तिने विश्रांती घ्यावी असा आग्रह धरतात. पैसे मोजून आलेला ग्रामीण प्रेक्षक आपल्या करमणुकीपेक्षा तिच्या देहाची अवस्था महत्त्वाची मानतो. कथेतला हा प्रेक्षक कथेच्या नंतरच्या निवेदकांपेक्षा अधिक जाणता आहे. त्याने वेदना पाहून खेळ थांबविला. आपण वेदना पाहून टाळ्या वाजविल्या.

'सोशिक' या विशेषणाचा व्यवहार

मराठीत 'सोशिक' हे विशेषण स्त्रीला लावले असता ते स्तुतिवाचक असते. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, ही म्हण स्त्री-पुरुष दोघांनाही लागू असली तरी देहाचे घाव सोसण्याची अपेक्षा प्रामुख्याने स्त्रीकडूनच केली जाते. प्रसूतीच्या कळांना जोडून आलेले हे मूल्य हळूहळू स्त्रीच्या सर्वच वेदनांवर पसरते. बाळंतपण सोसले, मग तांबी बसविताना कसले ओरडायचे, अशी तर्कपद्धती त्यातून तयार होते. उपचारकक्षात गप्प राहणारी बाई 'शहाणी' ठरते व कण्हणारी 'नाटकी'. अशा वातावरणात स्त्री वेदनेविषयी तक्रार करत नाही आणि तक्रार नाही म्हणून वेदना नाही, असा निष्कर्ष काढला जातो.

या मूल्याला जातीची व वर्गाची बाजूही आहे. सह्याद्रीच्या कुशीतील पश्चिम जुन्नर व पश्चिम आंबेगाव या भागांत महादेव कोळी व ठाकर समाजाची वस्ती आहे. 'डोंगरातल्या बाया चिवट, त्यांना त्रास होत नाही' हे वाक्य सुशिक्षितांच्या तोंडीही सहज येते. वरवर कौतुकाचे असलेले हे वाक्य वस्तुतः उपचार नाकारण्याची सबब आहे. जगाच्या इतिहासात तिला दाखले आहेत. अमेरिकेतील शल्यविशारद जे. मॅरियन सिम्स यांनी १८४० च्या दशकात अनार्का, ल्युसी, बेट्सी व इतर गुलाम स्त्रियांवर योनिमार्गाच्या शस्त्रक्रिया भूल न देता वारंवार केल्या. कृष्णवर्णीय स्त्रियांना वेदना कमी होतात, अशी धारणा त्या काळच्या वैद्यकात रूढ होती. याउलट १८५३ साली इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाला प्रसूतीच्या वेळी डॉ. जॉन स्नो यांनी क्लोरोफॉर्म दिले आणि प्रसूतीत वेदनाशमन घेणे प्रतिष्ठेचे ठरले. वेदना कोणाची, यावर तिची दखल अवलंबून राहिली.

भूल आणि बधिर : शब्दांमुळे होणारी अडचण

आपल्या भाषेतील दोन शब्दांचा येथे विचार करणे उचित ठरेल. 'भूल देणे' म्हणजे शुद्ध हरपविणे, असा सर्वसामान्य समज आहे. त्यामुळे 'भूल नाही' म्हटले की पुढचा प्रश्नच संपतो. ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ उपलब्ध नसणे ही सर्वपरिचित अडचण आहे आणि तिच्या आधारे वेदनाशमनाचा विषय सोडून दिला जातो.

परंतु 'बधिर करणे' हा दुसरा शब्दही आपल्याजवळ आहे आणि तो आपण दंतवैद्याकडे शिकलो आहोत. नारायणगावच्या किंवा मंचरच्या बाजारपेठेत दाढ काढावयास गेलेल्या माणसाला दंतवैद्य हिरडीत सुई देतो, काही मिनिटे थांबतो, बधिरता आल्याची खात्री करून घेतो आणि मगच चिमटा उचलतो. त्यासाठी भूलतज्ज्ञ लागत नाही. न विचारता दाढ उपटणारा दंतवैद्य दुसऱ्या दिवशी दवाखाना चालवू शकणार नाही. त्या सुईत असते तेच लिग्नोकेन हे औषध प्रसूतीनंतरच्या टाक्यांपूर्वी त्या जागी देता येते. गर्भाशयमुखाच्या बाजूला देऊन पिशवी साफ करताना होणारी वेदना कमी करता येते. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत पोटावरील छेदाची जागा बधिर करता येते. लिग्नोकेन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही औषधे राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत समाविष्ट आहेत. ती नवी नाहीत आणि महागही नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली गर्भपातविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत वेदनाशामक औषध प्रत्येक स्त्रीला नित्यनेमाने देऊ करावे, असे सांगितले आहे. १४ आठवड्यांच्या आतील शस्त्रक्रियात्मक गर्भपातात गर्भाशयमुखाजवळ बधिरतेची सुई द्यावी. संपूर्ण भूल मात्र नित्य देऊ नये, अशीही शिफारस त्यांत आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने तांबी बसविण्यापूर्वी प्रत्येक स्त्रीशी वेदनेविषयी बोलावे व लिग्नोकेनचा पर्याय विचारात घ्यावा, असे सुचविले. या दोन्हींचा एकत्रित अर्थ असा की, भूलतज्ज्ञाचा अभाव ही सबब सिझेरियनसारख्या मोठ्या शस्त्रक्रियेस लागू पडते. किरकोळ म्हटल्या जाणाऱ्या बहुसंख्य प्रक्रियांना लागू पडत नाही.

न विचारलेली वेदना आणि तिची किंमत

स्त्रीच्या वेदनेकडे दुर्लक्ष झाल्याने काय होते, याचे उत्तर महाराष्ट्रातील दोन अभ्यासांत मिळते. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग असल्याचे दिसून आले. पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. सोशिकतेचे यापेक्षा स्पष्ट मोजमाप सापडणे कठीण. ज्या स्त्रियांना समाज 'धडधाकट' समजत होता, त्या प्रत्यक्षात दुखणे अंगावर काढत होत्या.

दुसरा अभ्यास बीड जिल्ह्यातील. ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला व शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या सर्वेक्षणात ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. हे प्रमाण सुमारे १७ टक्के होते. या आकड्यांचा आपल्या परिसराशी थेट संबंध आहे. जुन्नरमधील विघ्नहर आणि आंबेगावमधील भीमाशंकर या सहकारी साखर कारखान्यांच्या कार्यक्षेत्रात गळीत हंगामात ज्या टोळ्या उतरतात, त्यांत बीड व अहिल्यानगर जिल्ह्यांतील कुटुंबे असतात. पाळीतील वेदना, अंगावरून जाणे, कंबरदुखी या तक्रारींवर वेळेवर व सौम्य उपचार न मिळाल्यास अवयवच काढून टाकणे हा एकमेव उपाय म्हणून पुढे येतो. खाडा झाला की दंड पडतो. तेव्हा दुखणाऱ्या पिशवीपेक्षा पिशवी नसलेली बरी, असा हिशेब केला जातो. वेदनाशमनाचा अभाव अखेरीस अवाजवी शस्त्रक्रियेपर्यंत कसा पोहोचतो, याचे हे उदाहरण होय.

शिबिरांची घाई

कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांबाबत वेदनेचा संबंध वेळेशी येतो. बधिरतेची सुई दिल्यावर काही मिनिटे थांबावे लागते. रांगेत पन्नास-साठ स्त्रिया झोपविल्या असतील, तर हीच मिनिटे सर्वात महाग ठरतात. छत्तीसगडमधील बिलासपूरजवळ नोव्हेंबर २०१४ मध्ये एका शिबिरात एका शल्यचिकित्सकाने काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या व त्यानंतर १३ स्त्रियांचा मृत्यू झाला. बिहारमधील अरारिया जिल्ह्यात जानेवारी २०१२ मध्ये एका शाळेत दोन तासांत ५३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यावरील देविका बिश्वास यांच्या याचिकेचा निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने १४ सप्टेंबर २०१६ रोजी अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचे निर्देश दिले. तरीही नोव्हेंबर २०२२ मध्ये बिहारच्याच खगडिया जिल्ह्यातील स्त्रियांनी आपल्यावर भूल न देता शस्त्रक्रिया झाल्याची तक्रार केली.

ही उदाहरणे परप्रांतीय आहेत, म्हणून निश्चिंत राहणे योग्य नाही. आपल्याकडील व्यवस्था त्या टोकाला गेली आहे, असा आरोप येथे करावयाचा नाही. मुद्दा नोंदीचा आहे. शासकीय आरोग्यसंस्थांच्या मासिक अहवालात प्रसूती किती, सिझेरियन किती, तांबी किती, नसबंदी किती याची मोजदाद असते. त्या स्त्रीची वेदना शमविली गेली का, हा रकाना त्यात नसतो. जे मोजले जात नाही त्याची मागणी होत नाही, मागणी नसल्याने खरेदी होत नाही आणि खरेदी नसल्याने ते 'उपलब्ध नाही' असे सांगता येते.

काही आक्षेपांचा विचार

या भूमिकेवर तीन आक्षेप संभवतात. पहिला, प्रसूतीवेदना नैसर्गिक आहेत व त्यांत हस्तक्षेप नको. एखाद्या स्त्रीने स्वेच्छेने औषधाविना प्रसूती निवडली, तर तिचा आदर केलाच पाहिजे. परंतु पर्यायच नसताना केलेल्या गोष्टीस निवड म्हणता येत नाही. शिवाय तांबी बसविणे किंवा टाके घालणे यांत नैसर्गिक असे काही नाही. ती माणसाने माणसावर केलेली क्रिया आहे आणि तिच्यातील वेदनेची जबाबदारी करणाऱ्यावर आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. बधिरतेच्या औषधाची मात्रा चुकल्यास धोका संभवतो, हे खरे. गुंगीच्या औषधांना देखरेख लागते, हेही खरे. म्हणूनच प्रशिक्षण आवश्यक ठरते. एमबीबीएस डॉक्टरांना आणीबाणीच्या प्रसूतीसाठी भूल देण्याचे १८ आठवड्यांचे प्रशिक्षण शासनाने यापूर्वीच सुरू केले आहे. त्या मानाने स्थानिक बधिरतेचे शिक्षण पुष्कळच सोपे आहे.

तिसरा आक्षेप प्राधान्यक्रमाचा. आहुपे वा तळेघर परिसरातील स्त्रीला घाटवाटांच्या रस्त्याने घोडेगावपर्यंत वेळेत आणणे हेच जेथे आव्हान आहे, तेथे वेदनाशमन ही चैन नव्हे काय? हा आक्षेप सर्वात गंभीर आहे, कारण तो सद्भावनेतून येतो. परंतु दवाखाना दूर आहे म्हणून पोहोचल्यावरचा उपचार निकृष्ट असावा, असे यातून सिद्ध होत नाही. उलट एवढ्या लांबून आलेली स्त्री पहिल्या भेटीतील वेदनेमुळे दुसऱ्या भेटीस येत नाही, हा धोका दूरच्या गावांतच अधिक असतो. तिच्या अनुभवाची वार्ता वाडीवस्तीवर तिच्याआधी पोहोचते. बागायती पूर्व भागात खासगी प्रसूतिगृहाला भूलतज्ज्ञास बोलावून घेता येते आणि पुण्यातील मोठी रुग्णालये वेदनारहित प्रसूतीची जाहिरात करतात. एकाच तालुक्याच्या दोन टोकांना वेदनेचे दोन न्याय असू नयेत.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, वेदनाशमनाचा प्रश्न जितका औषधाचा, तितकाच कथनाचा आहे. औषध स्वस्त आहे, तंत्र परिचित आहे, मार्गदर्शक तत्त्वे उपलब्ध आहेत. तरीही ते न मागता मिळत नाही, कारण न मागणाऱ्या स्त्रीचा आपण गौरव करत आलो आहोत.

यासंदर्भात तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, पुणे जिल्हा हा महाराष्ट्रात २००७ पासून आरोग्यसेवांवरील लोकाधारित देखरेखीच्या प्रक्रियेत सामील झालेल्या पहिल्या जिल्ह्यांपैकी एक होय. औषधे मिळतात का, परिचारिका येते का, असे प्रश्न गावकऱ्यांनी स्वतः विचारण्याची ती पद्धत आहे. अशा प्रश्नावलीत 'टाके घालण्यापूर्वी, तांबी बसविण्यापूर्वी दुखू नये म्हणून काय दिले?' हा एक प्रश्न वाढवावा. दुसरी, रुग्ण कल्याण समित्यांनी आपल्या रुग्णालयातील लिग्नोकेनचा साठा व वापर यांचा आढावा घ्यावा. तिसरी गोष्ट महाविद्यालयांची आहे. जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव येथील महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुली उद्या याच रुग्णालयांत जाणार आहेत. काही परिचारिका व डॉक्टर म्हणून, पुष्कळ रुग्ण म्हणून. वर्गात विठाबाईंची कथा अवश्य सांगावी. मात्र सांगताना तिच्यातील दगडाचा अर्थ विचारावा आणि ज्या प्रेक्षकांनी खेळ थांबविण्यास सांगितले, त्यांच्यापाशी थोडे थांबावे. तेथून विद्यार्थिनींना स्वतःच्या वेदनेविषयी प्रश्न विचारण्याचे बळ मिळाले, तर लोकसाहित्याच्या अध्यापनाने आरोग्याच्या क्षेत्रातही काही काम केले, असे म्हणता येईल.